फोर्क करा, पण मूळ लेखकाची नावे राहू द्या

मा. संपादक,
स.न.

अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचे दिवस आले की इंदूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एक उद्योग जोरात चालतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या वेबसाइटवरून तयार प्रकल्प घ्यायचा, नाव-लोगो बदलायचा आणि व्हायव्हाला उभे राहायचे. घेण्याला आमची हरकत नाही, ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना खुला ठेवलेला कोड, असतो तो त्यासाठीच. पण या खटाटोपात मूळ लेखकाचे नाव गळते, आणि ते बहुतेक वेळा लबाडीने नव्हे, तर कामाच्या चुकीच्या पद्धतीमुळे गळते.

पहिली गळती झिपमध्ये होते. ‘डाउनलोड झिप’ केल्यावर फक्त फाइली मिळतात, इतिहास, म्हणजे कोणी कधी काय बदलले याची गिट या साधनाने ठेवलेली नोंद, मिळत नाही. मग त्या फोल्डरमध्ये ‘गिट इनिट’ने नवी नोंदवही उघडून ‘फर्स्ट कमिट’ (पहिल्या बदलाची नोंद) टाकली की अनेकांचे वर्षानुवर्षांचे काम एका दुपारी एकाच विद्यार्थ्याच्या नावावर चढते. जमिनीचे नामांतरण झाले तरी आधीच्या खातेदाराची नोंद दप्तरात सापडते. इथे दप्तरच नवे कोरे! त्याऐवजी गिटहबवर फोर्कचे, म्हणजे इतिहासासकट आपली प्रत काढण्याचे, बटण दाबावे, म्हणजे कुठून घेतले ती ओळ आपोआप लागते. मूळ प्रकल्प दुसरीकडे असेल तर ‘गिट क्लोन’ने इतिहासासकट प्रत काढून मूळ रेपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास यांचे भांडार) ‘अपस्ट्रीम’ या नावाने रिमोट (दूरच्या प्रतीचा दुवा) म्हणून जोडावी. यात स्वार्थही आहे: मूळ प्रकल्पातल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या नंतर ओढून घेता येतात. झिपवाल्याला त्या हाताने चिकटवत बसावे लागते.

दुसरी गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. गिट प्रत्येक कमिटवर दोन नावे नोंदवते: कोड लिहिणारा ‘ऑथर’ आणि तो रेपॉझिटरीत चढवणारा ‘कमिटर’. दुसऱ्याचा बदल ‘चेरी-पिक’ने, म्हणजे नेमकी तेवढी कमिट उचलून, आणला तर ऑथर मूळचाच राहतो, आणि सोबत ‘-एक्स’ दिले तर मूळ कमिटचा क्रमांकही संदेशात उतरतो. तोच बदल कॉपी-पेस्ट केला तर दोन्ही जागी आपलेच नाव. अनेक कमिट ‘स्क्वॉश’ करून एक करतानाही संदेशाच्या शेवटी सहलेखकांची नावे सांगणाऱ्या ‘को-ऑथर्ड-बाय’च्या ओळी शिल्लक आहेत ना, हे पाहावे.

कोड कोणत्या अटींवर वापरावा हे सांगणारी लायसन्सची फाइल तर कोणी उघडूनही पाहत नाही. एमआयटी लायसन्स एका मिनिटात वाचून होते आणि त्याची अट एकच आहे: कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीत असला पाहिजे. पण संपूर्ण प्रकल्पावर ‘फाइंड अँड रिप्लेस’ चालवले की त्या ओळीतले नावही बदलते. जुनी ओळ जशीच्या तशी ठेवून तिच्याखाली आपले वर्ष आणि नाव लिहावे, एवढेच करायचे आहे. अपाचे २.० या लायसन्समध्ये बदललेल्या फाइलींवर तशी सूचना लागते आणि ‘नोटिस’ फाइल असेल तर तिच्यातली श्रेये पुढे न्यावी लागतात. जीपीएल या लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीत बदलाची तारीखही लिहावी लागते.

‘प्रत्येक प्रत’ म्हणजे ग्राहकाला दिलेले मोबाइल अ‍ॅपसुद्धा. त्यात लायसन्सचा पडदा हवा. वेबसाइटवर जावास्क्रिप्ट कोड मिनिफाय करताना (फाइल लहान करण्यासाठी आटवताना) त्यातल्या टिप्पण्या उडतात आणि त्यांबरोबर कॉपीराइटही उडतो. टिप्पणीच्या सुरुवातीलाच उद्गारचिन्ह असेल तर बहुतेक मिनिफायर ती राखतात.

याच्या उलट चूकही होते. बदल आपले आणि नाव मात्र मूळचेच! मग आपल्या बगची तक्रार मूळ लेखकाकडे जाते. फाँटच्या बाबतीत तर एसआयएल ओपन फाँट लायसन्स स्पष्टच सांगते की राखीव ठेवलेले नाव बदललेल्या फाँटला देता येत नाही. आपल्या संस्थांसाठी देवनागरी फाँटमध्ये जोडाक्षरे दुरुस्त करून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

नीट श्रेय कसे द्यावे, हे वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहता येते. २००३ साली ते ‘बी-टू’ या सॉफ्टवेअरपासून फुटून निघाले. त्याच्या लायसन्स फाइलमध्ये बी-टूचा २००१-२००२ चा कॉपीराइट आणि त्याचे लेखक मिशेल वाल्द्रिगी यांचे नाव आजही आहे. आणि फुकटच्या कोडला कसली अट, असे म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतला ‘जेकबसन विरुद्ध कॅट्झर’ हा खटला. खेळातल्या रेल्वेगाड्या चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फाइली लेखकांची नावे वगळून वापरल्या गेल्या होत्या. २००८ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की अशा अटी मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ लेखकाला कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते, आणि संगणक प्रोग्रॅम या कायद्यात ‘साहित्यकृती’तच मोडतो.

महाविद्यालयांनी अहवालाच्या पहिल्याच पानावर मूळ प्रकल्प, घेतलेली आवृत्ती आणि स्वतःची भर यांची नोंद सक्तीची करावी. परीक्षकांनी ‘गिट शॉर्टलॉग -एस -एन’ चालवायला सांगावे. कोणाच्या नावावर किती कमिट आहेत ते लगेच समोर येते. घेतलेल्या प्रकल्पात एकच नाव दिसले, तर पुढचा प्रश्न काय विचारायचा हे परीक्षकांना सांगायला नको.

झिपवरून आधीच सुरुवात केलेल्यांनाही हे सावरता येते. कमिटवरून गिटने बनवलेल्या झिपच्या टिप्पणीत त्या कमिटचा क्रमांक असतो, तो ‘अनझिप -झेड’ने दिसतो. मूळ रेपॉझिटरी क्लोन करून त्या कमिटवरून नवी शाखा (कामाचा वेगळा फाटा) काढावी, लपलेले ‘.गिट’ फोल्डर वगळून आपल्या फाइली तिच्यावर उतरवाव्यात आणि कमिट करावे. तासाभराचे काम आहे. झिप जपून ठेवलेली असली म्हणजे झाले.

— ओपन सोर्सवर काम करणारे काही अभियंते, इंदूर