डरहॅम कॅसल दाखवणाऱ्या त्या मुलीला, बाबांकडून आणि माझ्याकडून मनापासून थँक्यू

अगं, तुझं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पण वाचलंस की कळेलच तुला. इंग्लंडमधल्या डरहॅम कॅसलच्या टूरमध्ये सगळ्यांच्या मागे राहून खांबांच्या बुंध्याशी वाकून बघणारे जे काका होते ना, ते माझे बाबा.

बाबांची सगळी नोकरी पीडब्ल्यूडीत गेली. भरभर बोललेलं इंग्रजी त्यांना कळत नाही, त्यामुळे टूरभर ते गप्पच होते, आणि टूर संपल्यावर तू स्वतःहून मराठीत "काका, काही विचारायचंय का?" म्हणालीस आणि मग जे प्रश्न सुरू झाले ते थांबेचनात!

१०७२ मध्ये विल्यम राजाच्या हुकमाने किल्ला बांधला, स्कॉटलंडची सीमा जवळ म्हणून इथे राहणाऱ्या बिशपला, म्हणजे मोठ्या धर्मगुरूला, स्वतःची नाणी, स्वतःचं कोर्ट, सैन्य जमवायचा अधिकार, आणि त्यातले शेवटी उरलेले खास अधिकार १८३६ मध्ये गेले, एवढं मी वाचून आले होते. पण बाबांना हवं होतं ते वेगळंच, की हे एवढं दगडी ओझं टेकडीच्या कडेला उभं कसं राहिलंय. आणि तू कंटाळली नाहीस. १९२० च्या दशकात पाया कच्चा असल्याचं आणि इमारत नदीच्या बाजूला सरकत असल्याचं लक्षात आलं, मग पैसे गोळा करून खाली काँक्रीट घालून पाया पक्का केला, हे तू त्यांना हातवारे करून सांगितलंस. बिशप कोझिनचा १६६२ चा तो काळा लाकडी जिना पण, आधी फक्त भिंतीच्या आधारावर होता, झुकायला लागला म्हणून नंतर खाली खांब दिले. बाबा तिथे "बरोबर केलं, पाडला नाही ते बरं केलं" असं दोनदा म्हणाले.

मला सगळ्यात जास्त भावलं ते नॉर्मन चॅपल, किल्ल्यातलं जुनं प्रार्थनाघर. साधारण १०७८ चं, शिरा असलेल्या दगडाचे बुटके खांब, त्यावर कोरलेली जलपरी, आणि मधल्या काळात लोक तिथून नुसतं ये-जा करायचे म्हणे. आज ते इतकं नीट आहे कारण कोणीतरी वेळेवर लक्ष दिलं. आणि १८३७ मध्ये किल्ला डरहॅम युनिव्हर्सिटीला मिळाला, पडका बुरूज १८४० मध्ये मुलांच्या खोल्यांसाठी परत बांधला, हे मला फार पटलं. नुसतं कुलूप लावून ठेवला असता तर छप्पर गळतंय हे कळलं तरी असतं का कोणाला? आता मुलं तिथे राहतात, ग्रेट हॉलमध्ये जेवतात, बिशप फॉक्सने १४९९ च्या सुमारास केलेल्या स्वयंपाकघरात अजून स्वयंपाक होतो.

तुझी अभ्यासाची गडबड असणार, तरी पुढची टूर सुरू होईपर्यंत तू आमच्याबरोबर थांबलीस. बाबा आता सोसायटीतल्या सगळ्यांना पायाची गोष्ट सांगतात, काँक्रीटसकट. खूप खूप आभार गं, आणि सुट्टीत भारतात आलीस तर घरी जेवायला नक्की ये, बाबांचे अजून बरेच प्रश्न बाकी आहेत.