साबणाचं पाणी आणि फुरफुरणारी गाडी

महोदय,

माझी २५ वर्षांची कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) गाडी सिग्नलला फुरफुरून बंद पडायची. गॅरेजवाला म्हणाला, 'कार्ब्युरेटरच बदला.' मी एसटी वर्कशॉपमध्ये हात काळे केलेला माणूस. आधी बॉनेट उघडून कान लावला. बारीक 'स्स्स' ऐकू आलं. पंख्यापासून हात लांब ठेवून चालू इंजिनच्या रबरी नळ्यांवर साबणाचं पाणी फवारलं. (काही बहाद्दर पेट्रोल फवारतात. गरम इंजिनवर!) मॅनिफोल्डच्या (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या भागाच्या) नळीवर पाणी पडताच चीर क्षणभर बुजली आणि आयडलिंग (उभ्या गाडीतलं इंजिनचं चालणं) सुधारलं. क्लिपखाली रबर तडकलं होतं. तिथून जादा हवा ओढली जाऊन मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होत होतं. टोक कापलं, नवी क्लिप आवळली. खर्च ३० रुपये. कार्ब्युरेटर अजून तोच आहे.

– एक निवृत्त मेकॅनिक, मिरज