मासा उतरणार कुठे?

पुणे, २१ डिसेंबर

प्रिय सुऱ्या,

परवा हर्णैहून तुझा फोन आला, त्या मदर व्हेसलच्या कागदावर सही करायची का विचारायला, तेव्हा मीटिंगमध्ये होतो, 'हो हो बघतो' म्हणून ठेवून दिला, तुला राग आला असणार माहितेय. काल व्हॉइस नोट करायला बसलो तर ती अकरा मिनिटांची झाली आणि मलाच ऐकवेना, म्हणून लिहितोय. चहा घेऊन बस.

आज सकाळी गणेश पेठेत मासळी बाजारात गेलो होतो. मार्गशीर्षातले गुरुवार संपले ना, अख्खं पुणं एकाच रविवारी तुटून पडलेलं, गाडी लावायला अर्धा तास गेला. पापलेटवाल्याला विचारलं कुठला माल, तर म्हणतो "समुद्राचा". अरे बाबा, नदीचा असता तर मी रहू मागितला नसता का. कुठल्या बंदराचा असं विचारलं तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कोथिंबिरीचं गाव विचारतोय. शेवटी बांगडे घेतले आणि आलो. आई सिंकपाशी विळी घेऊन बसली, म्हणजे उभीच राहिली, फ्लॅटमध्ये बसून मासे साफ करायची सोयच नाही, आणि डोळे मिटूनही होईल अशा सफाईने दहा मिनिटांत उरकलं. तिला तुझ्या फोनचं सांगितलं. ती काय म्हणाली ते नंतर सांगतो.

तर तुझं ते मदर व्हेसल. कोणीतरी तुमच्या मच्छीमार सोसायटीत येऊन सांगून गेलाय की तुम्ही फक्त मासा पकडा, मोठं जहाज बाहेरच उभं असेल, तिथल्या तिथे माल द्या, बर्फाचा खर्च नको, डिझेल जाळत परत यायला नको, सह्या करा. नियम मी वाचलेत. ४ नोव्हेंबर २०२५ ला केंद्र सरकारने २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नवे नियम काढले, त्यात परदेशी जहाजांना बंदी आहे, सहकारी संस्थांना प्राधान्य आहे, एलईडी दिवे लावून मासे पकडायला आणि पेअर ट्रॉलिंगला (दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढायचं) बंदी आहे, मोठ्या बोटींना ऑनलाइन पास घ्यायचा आहे, तो फुकट आहे, छोट्यांना तोही नको. आणि त्यातच भर समुद्रात एका बोटीतून दुसरीत माल चढवायला मुभा आहे. म्हणजे तो माणूस खोटं बोलला नाही. कागद वाईट नाही रे, खरंच सांगतो, आपल्या बापांनी १९९४ ला परदेशी जहाजांविरुद्ध देशभर संप केला, मग मुरारी समिती बसली आणि १९९६ ला तिने ते परवाने रद्द करा म्हणून अहवाल दिला, त्या हिशोबाने हा कागद बराच आपल्या बाजूचा आहे. पण त्या माणसाने तुला पकडायचं सांगितलं, उतरवायचं नाही सांगितलं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुढचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल. (वाच.)

हे माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगतो. आमच्या ऑफिसात सिॲटलच्या एका क्लायंटचं काम आलंय, अलास्कातल्या मासळीचे आकडे, पोलॉक नावाचा मासा, तुझ्या त्या पुण्यातल्या हॉटेलात जी 'क्रॅब स्टिक' म्हणून खाल्लीस ना आणि खेकड्याला शिव्या घातल्यास, ती बहुतेक याचीच किंवा आपल्या राणी माशाची सुरिमी, म्हणजे माशाचा लगदा, खेकडा त्यात सहसा नसतोच. तर त्या शीटमध्ये प्रत्येक टनापुढे तीन कॉलम: किनारा, कारखाना-जहाज, मदरशिप (स्वतः पकडत नाही, दुसऱ्या बोटींचा मासा घेऊन कापते). आमच्या टीममधल्या मुलांना वाटलं गोडाऊनची नावं असतील. मी हर्णैचा, मला लगेच खटकलं की मासा कोणी पकडला हे राहिलं बाजूला, मासा *कापला कुठे* याचा हिशोब सरकार का ठेवतंय? मग दोन रात्री वाचत बसलो, बायको म्हणाली प्रमोशनसाठी कधी एवढा जागला नाहीस.

गोष्ट अशी आहे. अलास्कात कोडियाक म्हणून बेट आहे, तिथे किनाऱ्यावर मासळीचे कारखाने, गावातल्या बोटी मासा आणतात, कारखाना कापतो, फ्रीझ करतो. १९८९ च्या सुरुवातीला बेरिंग समुद्रातली कारखाना-जहाजं तिथे खाली आली, हे पकडतात पण स्वतः आणि कापतात पण स्वतः. पोलॉकची गाबोळी जपानला प्रचंड भावाने जाते, तर त्यांनी मादीची गाबोळी काढायची आणि बाकीचा मासा समुद्रात फेकायचा असं चालवलं, आणि त्या भागाचा वर्षाचा कोटा बघता बघता संपत आला. कोडियाकच्या बोटी धक्क्यावर, कारखान्याला माल नाही, बाया-माणसं घरी. आणि यात कोणी कायदा मोडलेला नव्हता, परवाने सगळ्यांकडे होते, समुद्र पण त्यांच्याच देशाचा आणि जहाजं पण त्यांच्याच देशाची. हे मला फार लागलं. आपण कायम परक्याची वाट बघत बसतो ना.

मग भांडणं झाली, गाबोळी काढून मासा फेकायला बंदी आली, आणि १९९२ पासून त्यांनी कोटाच वाटून टाकला. कोडियाकच्या बाजूच्या अलास्काच्या आखातातला पोलॉक पूर्ण किनाऱ्याला, कॉड मासा ९० टक्के किनाऱ्याला. वर बेरिंग समुद्रात पोलॉकचे ३५ टक्के किनाऱ्याला आणि ६५ समुद्रातच कापणाऱ्या जहाजांना. त्याच वर्षी पोलॉकचे साडेसात टक्के बाजूला काढले, बेरिंगच्या काठच्या गरीब गावांसाठी, पुढे १९९८ च्या कायद्यात ते १० टक्के झाले आणि उरलेल्याचे ५० किनारा, ४० कारखाना-जहाजं, १० मदरशिप. ते माझे तीन कॉलम! आज ६५ गावं आहेत त्यात, सहा संस्था करून. सुरुवातीला या संस्थांनी काय केलं तर आपला वाटा मोठ्या जहाजांनाच भाड्याने दिला आणि त्या पैशातून हळूहळू त्याच जहाजांमध्ये भाग विकत घेतले. डोकं बघ.

आता लगेच भारावून जाऊ नकोस, तिथे सगळे संत नाहीत. किनाऱ्यावरचे बरेच कारखाने जपानी कंपन्यांचे, कामगार हंगामाला फिलिपिन्स-मेक्सिकोकडचे, म्हणजे 'किनाऱ्याला वाटा' म्हटलं की तो गावच्या घरात गेलाच असं नाही. आणि एक गंमत, 'किनारा' या शब्दाच्या व्याख्येत त्यांनी तरंगता कारखानाही घातला, राज्याच्या हद्दीत एकाच जागी नांगर टाकून बसला की तो किनारा! उद्या सुवर्णदुर्गाच्या मागे जहाज उभं करून तुला कोणी म्हणेल की हे काय, हर्णैच आहे की.

आता आईचं. तुला आमच्या आळीच्या टोकाची सोलायची शेड आठवते का, पत्र्याची, आपण तिच्या भिंतीवर चेंडू मारायचो. आई तिथे पहाटे जायची, बर्फात घातलेली कोळंबी, डोकं मोडायचं, अंगठ्याच्या नखाने साल काढायची, डब्यामागे पैसे. बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, रात्री मुठेल तेल तापवून लावायची आणि मग त्या हाताने आम्हाला भरवायची नाही, चमच्याने भरवायची, मला वाटायचं आम्ही फार मॉडर्न आहोत. माझी अकरावी-बारावीची फी त्या डब्यांतून गेली, बाबांच्या वाट्यातून नाही, बाबांचा वाटा जाळ्यात आणि इंजिनात जायचा. मग एका वर्षी मालकाने काम दुसरीकडे नेलं, तिकडे मशीन होतं म्हणे. सुऱ्या, त्या वर्षी कोळंबी तेवढीच आली, होड्या तेवढ्याच होत्या, बाबांना भाव पण बरा मिळाला. बंदरावर कोणाला काही झाल्याचं कळलंच नाही. फक्त आळीतल्या चाळीस बायका घरी बसल्या. त्यावर मोर्चा नाही, निवेदन नाही, काही नाही, कारण बोटीला धक्का लागला नव्हता.

मदर व्हेसलचं मला हेच भय आहे. तुझी बोट बुडणार नाही, कदाचित दोन पैसे जास्तच मिळतील. पण संध्याकाळी पुळणीवर लिलाव लागतो तेव्हा तू मोजून बघ एकदा, बोटीतले खलाशी किती आणि बाकीचे किती: बैलगाडीवाले, बर्फवाले, पाटी उचलणारे, बोली बोलणारे, पाजपंढरीच्या बाया, सोडे आणि बोंबील वाळवणाऱ्या, टेम्पोवाले, तो भजीवाला. मासा वाळूवर आला म्हणून हे सगळे आहेत. पापलेट बाहेरच्या बाहेर बॉक्समध्ये गेलं तर इथे काय येणार, जवळा?

तुझी बाजूही मला कळते. डिझेलचा भाव, पंधरा दिवस बाहेर राहून अर्धा माल मऊ पडलेला, हे मी एसीत बसून बोलणं सोपं आहे. बाहेर खोल समुद्रात कुपा (टूना) पकडायचा असेल, जो आपल्या पुळणीवर कधी आलाच नाही, तर त्याला मदर व्हेसल असू दे की, माझी ना नाही. आणि परक्यांना शिव्या देताना हेही आठव की पर्ससीनवर, म्हणजे थवाच्या थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारने निर्बंध आणले ते आपल्याच माणसांच्या जाळ्यांवर आणावे लागले.

म्हणून सही करू नको असं म्हणत नाही. सही करायच्या आधी हे लिहून घे: जहाज कोणाच्या नावावर, त्यात सोसायटीचा भाग किती, वजन कोण करणार (भर समुद्रात हलत्या काट्यावर तुझा मासा तोलणार ते, तू तेव्हा ओकत असशील), भाव हर्णैच्या लिलावाशी बांधलेला की त्यांच्या मर्जीचा, आणि पकडलेल्यातला किती मासा बंदरावर उतरलाच पाहिजे. शेवटच्यावर अडून बस. बाकी सोडलंस तरी हे सोडू नको. आणि मीटिंगला फक्त बोटमालक बोलावू नका. तुमच्या सभेला बाई दिसते ती चहा द्यायला.

आईला हे सगळं वाचून दाखवलं, अलास्काबिलास्का. ती म्हणाली, गाबोळी काढून मासा टाकून दिला? पूर्ण मासा? आणि बराच वेळ त्यावरच अडकली. मग म्हणाली, सुऱ्याला विचार मीटिंग कितीला आहे. तर ती शुक्रवारच्या एसटीने येतेय, स्वारगेटहून बसवून देतो, दापोलीला उतरवून घे आणि तिला मीटिंगला ने. खुर्ची पुढची दे, तिला हल्ली ऐकू कमी येतं. परत पाठवताना अर्धा किलो सोडे दे, इथले मला चालत नाहीत, पैसे जीपे करतो, नाही म्हणू नकोस.

तुझा,
बाळ्या