अंबडच्या सर्व्हर रूममधून, ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

स्टोरेजचे (ऑफिसचा डेटा साठवणाऱ्या डिस्कच्या यंत्रणेचे) लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, वेगळ्या सर्व्हरवर नेऊन त्यावर अलर्ट बसवायचं काम तुम्ही दोन शनिवारांत तडीस नेलंत, तेही एक पैसा न घेता. आभार फोनवरही मानता आले असते. पण सातपूर, अंबड, सिन्नरच्या कितीतरी कारखान्यांत असंच एखादं स्टोरेज कोपऱ्यात गुमान चालू असतं आणि त्याचे निरोप कुठे पोहोचतात का, हे कुणी बघत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

पहिले आभार तुमच्या पहिल्या प्रश्नाचे: "लॉग सर्व्हरची स्वतःची डिस्क कुठे आहे?" तो सर्व्हर म्हणजे एक व्हीएम (आभासी मशीन), आणि तो त्याच स्टोरेजवर होता. स्टोरेज बंद पडलं असतं तर कारण सांगणाऱ्या नोंदीही त्याच्यासोबत अडकल्या असत्या. आता तो वेगळ्या मशीनवर आहे. स्टोरेज आणि लॉग सर्व्हर यांच्या मधला आठ पोर्टचा नेटवर्क स्विचही तुम्ही यूपीएसवर घ्यायला लावलात. वीज गेल्याचा निरोप वीज गेल्यावरच निघतो, आणि पावसाळ्यात अंबडला ती किती वेळा जाते हे सांगायला नको. तेव्हा स्विच बंद असेल तर निरोप वाटेतच संपला. यूडीपी या निरोप पाठवायच्या पद्धतीत पोचपावती नसते, त्यामुळे स्टोरेजला ते कळतही नाही. म्हणून जमेल तिथे टीसीपी (पोचपावतीची पद्धत), आणि इमारतीबाहेर जाणारे लॉग टीएलएसने, म्हणजे कुलूपबंद करून, पोर्ट ६५१४ वर.

टीसीपीडम्पचा (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणाऱ्या प्रोग्रामचा) धडा तर कायम लक्षात राहील. पोर्ट ५१४ वर पॅकेट येताना दिसत होती, फाइल मात्र रिकामी. पॅकेट दिसतंय म्हणजे फायरवॉल मोकळा, असं कुणालाही वाटेल. पण टीसीपीडम्पला पॅकेट दिसतं ते त्या सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलने अडवण्याआधी. म्हणून आधी फायरवॉल तपासायचा, मग आर-सिसलॉग (सर्व्हरवर निरोप घेऊन लिहिणारा प्रोग्राम) त्याच पोर्टवर आणि त्याच प्रोटोकॉलने ऐकतोय का ते. स्टोरेज यूडीपीने पाठवतंय आणि सर्व्हर फक्त टीसीपी ऐकतोय, तर स्टोरेजच्या स्क्रीनवर सगळं हिरवंच राहतं. स्टोरेज चालवणाऱ्या दोन्ही कंट्रोलरचे मॅनेजमेंट आयपी (नेटवर्क पत्ते) निरोप घेण्याच्या नियमात हवेत. एकच घातला तर दुसऱ्याचे निरोप गळून जातात.

ओळीच्या सुरुवातीचा आकडा वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. १३१ असेल तर आठने भागायचं: भागाकार १६ म्हणजे लोकल-झीरो (निरोपाचा गट), बाकी ३ म्हणजे एरर. १३२ म्हणजे वॉर्निंग. बाकी जितकी लहान तितकी गोष्ट गंभीर, ० ते ७. फक्त एररपर्यंतचे निरोप घेतले असते तर डिस्क जाण्याआधीची सूचना हातची गेली असती, कारण ती बहुधा वॉर्निंगमध्येच येते.

वेळेचंही तसंच. सिसलॉग म्हणजे हे निरोप लिहिण्या-पाठवण्याची पद्धत; तिच्या जुन्या रूपात ना वर्ष असतं, ना टाइमझोन. कंट्रोलर यूटीसीवर (आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे) असेल तर रात्री २:१० ची घटना आदल्या दिवशीच्या २०:४० ला दिसते, आणि शोधणारा भलत्याच तासात शोधत बसतो. आता सगळीकडे एनटीपी (घड्याळं जुळवून ठेवणारी सोय) आहे, आणि प्रत्येक ओळीत स्टोरेजची वेळ आणि सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ अशा दोन्ही लिहिल्या जातात. नोंदी १८० दिवस ठेवतो, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे.

मेलचा पूर येऊ नये म्हणून ६०० सेकंदांत एकच मेल, हे ठीक. पण ही मर्यादा निरोपाला नसून ॲक्शनला (निरोप आल्यावर आर-सिसलॉगने करायच्या कृतीला) लागते, हे तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाच्या ध्यानात आलं असतं? डिस्क आणि पॉवर सप्लाय एकाच ॲक्शनमध्ये असतील तर पॉवर सप्लायच्या तक्रारीमागे डिस्कचा मेल गडप होऊ शकतो. आता प्रत्येकाची ॲक्शन वेगळी.

आणि सर्वांत मोलाचं म्हणजे शांततेवरचा अलर्ट. धडधाकट स्टोरेज दिवसदिवस काही बोलत नाही, वाट तुटलेलं स्टोरेजही बोलत नाही. दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून दर तासाला एक स्क्रिप्ट फक्त वाचण्याचा हक्क असलेल्या खात्याने स्टोरेजवर लॉगिन करते. लॉगिनची नोंद ऑडिट लॉगमधून इकडे आली पाहिजे. दोन तास आली नाही तर मेल आणि एसएमएस. लॉग सर्व्हर स्वतःच पडला तर ओरडणार कोण, म्हणून ही तपासणी तिसऱ्या मशीनवरून होते.

चाचणीसाठी डिस्क उपसायला निघालेला हात तुम्ही धरलात, त्याबद्दल वेगळे आभार. रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी मांडणी) मध्ये एक डिस्क बाहेर म्हणजे रिबिल्ड, म्हणजे तिचा डेटा पुन्हा उभा करणं, संपेपर्यंत दुसरी गमावायची सोय नाही. त्याऐवजी दुसरा पॉवर सप्लाय ठीक आहे हे बघून एकाची केबल काढली. "टेस्ट मेसेज" बटणाने फक्त वाट कळते. अलर्टचा नियम खरा लागतो का, ते केबलने कळलं. मेल ४० सेकंदांत आला.

पुढच्या महिन्यात सिन्नरच्या युनिटमध्ये हेच बसवतोय. केबल काढायच्या वेळी तुम्ही तिथे असाव्यात, एवढी विनंती.

आपली,
अंबडच्या डिझाइन ऑफिसातली आयटीची मंडळी, नाशिक