इंटरनेट जोडणीबाबत सभासदांस सूचना

फोंडा येथील आपल्या सोसायटीच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गेल्या पावसाळ्यात केबलचालकाची इंटरनेट सेवा वारंवार खंडित झाल्याने, आणि पुरवठादार एकच असला की तक्रारीला धार उरत नाही हे सर्वांनी अनुभवल्याने, दुसऱ्या पुरवठादारासही इमारतीत फायबर टाकू देण्याचा ठराव येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता सभेपुढे मांडला जाईल.

तत्पूर्वी प्रत्येकाने आपल्या जोडणीचा वेग, शक्यतो संगणक केबलने राउटरला जोडून, सकाळी व रात्री ९ च्या सुमारास मोजून चिटणिसांकडे लेखी द्यावा, कारण वायफायवरचा आकडा भिंतींमुळेही घटतो आणि त्याचा दोष पुरवठादारावर ढकलणे न्याय्य ठरणार नाही. १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट; ८ बिट म्हणजे १ बाइट) म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, शंभर नव्हे. हा घोळ दरवेळी होतो. केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या व्याख्येत ब्रॉडबँडचा किमान वेग अवघा २ एमबीपीएस असल्याने जाहिरातीतील त्या शब्दावर विसंबू नये. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे पुरवठादाराच्या तक्रार केंद्राकडून मिळालेला क्रमांक जपून ठेवावा. पुढे त्याच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाताना तो लागतो.

— चिटणीस