दादा, दोष एकट्या टीव्हीचा नाही

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

फोनवर आपला वाद अर्धवट राहिला, म्हणून हे लिहायला बसले. तुझं म्हणणं असं, की घरबसल्या सगळं दिसतं तर माणूस थिएटरात जाईलच कशाला. मोबाइल आणि ओटीटीने सिनेमाला जाणं संपवलं आणि विषय तिथेच मिटला. मला हे निम्मंच पटतं.

आधी तुझ्या बाजूचं. 2019 मध्ये जगभरात तिकिटांचा गल्ला सुमारे 42 अब्ज डॉलर होता. 2020 मध्ये तो 12 अब्जांवर आला आणि 2024 मध्येही 30 अब्जांच्या आसपासच अडकला. एवढं पाहिलं की महासाथ आणि ओटीटी या दोघांच्या डोक्यावर खापर फोडून मोकळं व्हावंसं वाटतं. पण गल्ला हा मोठा फसवा आकडा आहे. 2018 मध्ये अमेरिकेतला गल्ला तोवरचा सगळ्यांत मोठा ठरला, तरी तिकिटं मात्र 2002 पेक्षा कितीतरी कमी विकली गेली होती. 2002 मध्ये दीडशे कोटींहून जास्त, 2019 मध्ये सव्वाशे कोटींच्या आसपास. म्हणजे माणसं महासाथीच्या कितीतरी आधीपासून गळत होती. तिकीट महागत गेल्यामुळे ते दिसलं नाही, एवढंच.

आता ब्रिटनचं बघ. 1946 मध्ये तिथे वर्षाला 163 कोटी तिकिटं खपली. लोकसंख्या पाच कोटींच्या आत, म्हणजे तान्ह्या पोरासकट दरडोई तीसच्या वर खेळ! पुढे घराघरांत टीव्ही आला आणि 1984 पर्यंत हा आकडा 5.4 कोटींवर घसरला. इथवर तुझाच मुद्दा. पण पुढचं ऐक. 1985 मध्ये मिल्टन कीन्स या गावात दहा पडद्यांचं पहिलं मल्टिप्लेक्स उघडलं, तशीच पुढे देशभर झाली आणि 2002 मध्ये तिकिटं 17 कोटींच्या वर गेली. तिपटीहून जास्त! आणि हीच तर व्हिडिओची वर्षं होती. घरोघरी व्हीसीआर होते, कॅसेट भाड्याने मिळत होत्या, नंतर डीव्हीडीही आली. घरचा पडदाच मारेकरी असता तर त्या काळात थिएटरांना कुलपं लागायला हवी होती. उलट जुन्या, कुबट, तुटक्या खुर्च्यांच्या जागी बऱ्या जागा मिळाल्या तेव्हा लोक घरचा व्हिडिओ बंद करून बाहेर पडले.

मग या वेळी काय वेगळं झालं? माझ्या मते दोन गोष्टी, आणि दुसरीबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

पहिली, थांबण्याची. पूर्वी सिनेमा थिएटरातून उतरला की तो पुन्हा कधी दिसेल याची खात्री नसायची. नंतर व्हिडिओवर यायचा, पण काही महिन्यांनी. अमेरिकेत अगदी परवापरवापर्यंत साधारण तीन महिन्यांचं अंतर पाळलं जाई. तेवढ्या वेळात चर्चा थंड व्हायची, शेवट कोणीतरी सांगून टाकायचं, म्हणून माणूस उठून जायचा. जुलै 2020 मध्ये युनिव्हर्सल ही चित्रपट कंपनी आणि एएमसी ही थिएटरांची साखळी यांच्यात करार झाला आणि ते अंतर 17 दिवसांवर आलं. 2021 मध्ये वॉर्नर ब्रदर्सने तर अमेरिकेत आपले वर्षभराचे सगळे चित्रपट थिएटरात आणि घरी एकाच दिवशी दाखवले. पुढे त्यांनी ते मागे घेतलं, पण तोवर प्रेक्षक शिकला होता. आता कुठलाही सिनेमा लागला की पहिला प्रश्न "कसा आहे?" नसतो, "घरी कधी येईल?" हा असतो. टीव्ही तिकडे घराघरांत सत्तर वर्षं आहेच रे. थोडं थांबलं की झालं हा हिशेब नवा आहे.

दुसरी गोष्ट थिएटरातल्या ऑपरेटरची. हसू नकोस.

रिळांच्या काळात एक रीळ जेमतेम वीस मिनिटं चालायचं. शेजारी दुसरं प्रोजेक्टर तयार ठेवायचं, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकला की एकावरून दुसऱ्यावर जायचं. त्यासाठी केबिनमध्ये जागा माणूस लागायचा, आणि त्याचा डोळा सतत पडद्यावर असायचा. चित्र धूसर झालं की तो लगेच नीट करायचा. नाही केलं तर खालून शिट्ट्या. पुढे सगळी रिळं जोडून एकाच आडव्या थाळीवरून चालवायची सोय झाली आणि एका माणसाकडे अनेक पडदे आले. मग हार्ड डिस्क आली. 2014 उजाडता उजाडता पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने अमेरिकेत फिल्मवर प्रिंट काढणंच थांबवलं. आता खेळाची वेळ संगणकात भरून ठेवतात. दिवे आपोआप मंदावतात, सिनेमा आपोआप सुरू होतो, आणि केबिनमध्ये बहुधा कोणीच नसतं.

परिणाम काय? प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा वापरून मंद होत जातो आणि तो महाग असतो, म्हणून मुदत उलटली तरी रेटतात. पडद्यावर 14 फूट-लॅम्बर्ट (हे उजेड मोजायचं माप) उजेड असावा असा दंडक आहे. थ्रीडीत त्याच्या निम्माही पडत नाही. दोन वर्षांपूर्वी पाहिलेल्या एका सिनेमात रात्रीची लढाई चालू होती, आणि कोण कोणाला मारतंय हे शेवटपर्यंत कळलं नाही. उठून सांगायचं कोणाला? बाहेर खाण्याच्या काउंटरवर एक मुलगा होता, त्याला केबिनची किल्ली कुठे असते हेही ठाऊक नव्हतं. त्यात कित्येक थिएटरांत अजून टूके प्रोजेक्टर आहेत, म्हणजे आडवे 2048 आणि उभे 1080 चित्रबिंदू. घरच्या फोरके टीव्हीत त्याच्या जवळजवळ चौपट असतात. पडदा भलामोठा असतो म्हणून फरक अगदी तेवढा जाणवत नाही हे खरं, पण "घरी ही मजा नाही" असं छातीठोक म्हणायची सोय थिएटरवाल्यांनी स्वतःच्या हाताने घालवली.

त्यांचीही अडचण समजते. पहिल्या आठवड्यांत तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा वितरकाकडे जातो. थिएटर जगतं ते खाण्यापिण्यावर आणि जाहिरातींवर. म्हणून जाहिराती लांबत गेल्या. 2025 मध्ये एएमसीने तिकीट काढतानाच सांगायला सुरुवात केली, की दिलेल्या वेळेनंतर 25 ते 30 मिनिटांनी सिनेमा सुरू होईल. प्रामाणिकपणा म्हणावा की निर्लज्जपणा, तूच ठरव. पैसे देऊन आलेल्या माणसाला अर्धा तास जाहिराती दाखवायच्या, आणि शेजारचा मोबाइल उघडून बसला की त्याला सांगायला डोअरकीपरही ठेवायचा नाही.

या सगळ्यात मधले सिनेमे मेले, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. साधी माणसं, साधी गोष्ट, मोठी लढाई नाही, असे. निर्मात्यांना वाटतं, यासाठी कोण उठून येणार? म्हणून असे सिनेमे थेट ओटीटीवर जातात. मग थिएटरात उरतात फक्त अवाढव्य चित्रपट, आणि ज्यांना ते आवडत नाहीत त्यांना यायला कारणच उरत नाही. पूर्वी लोक सिनेमाला जायचे, तिथे काय लागलंय ते पोचल्यावर बघायचे. ती सवय एकदा मोडली की प्रत्येक वेळी नव्याने मन वळवावं लागतं, आणि एवढं मन वळवण्याची ताकद वर्षाला चार-पाच सिनेमांतच असते.

तसे ते असले की लोक येतात हेही खरं. जुलै 2023 मध्ये दोन अगदी वेगळ्या प्रकृतीचे मोठे चित्रपट एकाच दिवशी लागले तेव्हा एका दिवसात दोन्ही बघणारे निघालेच की. आयमॅक्सच्या, म्हणजे भल्यामोठ्या पडद्याच्या खास थिएटरांच्या, जागा आधी भरतात, तिकीट जास्त असूनही. तिथे चित्र लख्ख असतं, आवाज नीट असतो, कोणीतरी काळजी घेतलेली दिसते. माझा मुद्दा तोच आहे. माणूस पैसे द्यायला तयार आहे. मात्र घरच्यापेक्षा बरं काहीतरी हवं. तरी 2002 ची गर्दी परत येईल असं मला वाटत नाही. थिएटरं कमी होतील, उरलेली जास्त चांगली आणि जास्त महाग होतील, आणि सहज उठून सिनेमाला जाणं हे पैसेवाल्यांचं काम होऊन बसेल. याबाबतीत तुझी निराशा बरोबर ठरली तर मला अजिबात आनंद होणार नाही.

तुझ्या यादीत ऑपरेटर नव्हता, म्हणून एवढं लांबलं. उत्तर पाठव, पण वहिनीलाही दोन ओळी लिहायला सांग. ती इंटरव्हलनंतर तुझ्यासारखी झोपत नाही, त्यामुळे तिच्या मताला मी जास्त वजन देईन.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी