बांधावर तार कशाला, करवंद लावा

संपादक महोदय,

बांधावरच्या काटेरी तारेचा खर्च वाचवायचा तर करवंदीचे कुंपण सोलापूरच्या उन्हातही टिकते. मुरमाड, उथळ जमीन तिला चालते. काळ्या जमिनीत मात्र पाणी साचले की मुळे कुजतात. तिथे वीतभर उंचीचा वरंबा घालून त्यावरच लावावी.

रोपे घरीच करावीत. काळीभोर पिकलेली फळे कुस्करून बी धुवावे, सावलीत सुकवावे आणि दोन-चार दिवसांत माती भरलेल्या पिशवीत पेरावे. बी जपून पुढच्या वर्षी पेरणारे हमखास फसतात, कारण त्याची उगवणशक्ती लवकर जाते. रोप वर्षभर पिशवीत वाढवून पुढच्या जूनमध्ये फूटभराच्या खड्ड्यात लावावे. खाली दोन पाट्या मुरलेले शेणखत. दोन रोपांत दोन-अडीच फूट अंतर पुरे. दोन ओळी केल्यास रोपे समोरासमोर न लावता तिरकस लावावीत. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी पाणी, आणि शेळ्यांपासून राखण. काटे कोवळे असतात तोवर शेळी सोडत नाही.

फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरते. पुष्कळांची तक्रार असते, झुडूप दाट पण फळ नाही. फुले शेंड्यांवर येतात आणि आपण हिवाळ्यात कात्री चालवून तेच छाटतो! छाटणी फळे उतरल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी करावी. लोणच्याला हिरवी फळे तोडताना पांढरा चीक हाताला चिकटतो. आधी तेल चोळावे.

एक वाचक, सोलापूर